जागा रिकामी नाही

"स्थळ चांगलं आहे," नेजकरबाई म्हणाल्या, "फक्त जागा रिकामी नाही."

मी पर्स मांडीवर धरून बसले होते. त्यांच्या डोक्यामागं 'हेमलता प्लेसमेंट सर्व्हिसेस' अशी पाटी होती आणि तिच्याखालून जुन्या पाटीची कड दिसत होती. पूर्वी तिथं त्यांचंच वधूवर सूचक केंद्र होतं. सांगलीत, विश्रामबागेत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर. ते त्यांनी बंद केलं आणि टेबल, खुर्च्या, पंखा सगळं तेच ठेवून हे सुरू केलं. "लग्नं आता लोक आपापली जमवतात," त्या सांगायच्या. "नोकऱ्या अजून जमत नाहीत." बायोडाटा हा शब्द त्यांना दोन्ही धंद्यांत चालला. बाकीचेही बरेच शब्द त्यांनी बदलले नव्हते.

"रिकामी नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे एक जण बसलेला आहे. तो उठणार आहे. पण ते अजून त्याला माहीत नाही."

"मग कुणाला माहिताय?"

"मालकाला. मला. आता तुम्हाला." त्यांनी दार लोटून घेतलं. खालून खारी भाजल्याचा वास येत होता. "मालकाची अट आहे की त्या माणसाला संशय यायला नको. तुम्ही एक दिवस जायचं, काम बघायचं, जमेल का ते सांगायचं. तिथं गेल्यावर तुम्ही विम्याच्या. गाडीतल्या मालाचा विमा उतरवायला आलेल्या."

मी म्हटलं, मला विम्यातलं काही कळत नाही.

"त्यालाही कळत नाही," बाई म्हणाल्या. "मी चौकशी केलीय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी चव्वेचाळीसची होते. मिरजेच्या एमआयडीसीत पाइपच्या एका कंपनीत मी डिस्पॅच सांभाळायची. गाड्या मागवायच्या, भरायच्या, सोडायच्या आणि पोचेपर्यंत फोनवर बसायचं. मग कंपनी गुजरातेत गेली. आम्हालाही चला म्हणाले, पण आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये, मुलगी बारावीला. एसटी काही गुजरातेत जाणार नव्हती. मी घरी बसले.

घरी बसणं म्हणजे काय ते पहिल्या महिन्यातच कळलं. शेजारच्या किल्ल्या माझ्याकडं यायला लागल्या. मग गॅसचे सिलिंडर. मग कुणाच्या कुरिअरची पाकिटं, कुणाचा शाळेतून लवकर सुटणारा नातू. "तुम्ही घरीच असता ना," एवढं म्हणून लोक जिना उतरायचे. पाटलीणबाई एकदा गॅसवर दूध ठेवून बाजारात गेल्या आणि तिथून फोन केला, "वैजयंतीताई, तेवढं दूध उतरवा हो, किल्ली तुमच्याकडंच आहे." मी जाऊन दूध उतरवलं. परत आले आणि त्याच दिवशी नेजकरबाईंकडं नाव घातलं.

त्यांनी मला तीन ठिकाणी दाखवलं होतं. माधवनगरच्या एका मालकांनी विचारलं, कधी यायला उशीर झाला तर घरचे काय म्हणतील? मी म्हटलं, जेवून घेतील. तिथून नकार आला, उत्तर उद्धट वाटलं म्हणे. एका कोल्ड स्टोरेजवाल्यांना खूप वर्षांचा अनुभव हवा होता आणि वय तिशीच्या आत. तिसरीकडं मी पसंत होते, पण त्यांना ऐन वेळी घरातलीच भाची मिळाली. "होतं असं," नेजकरबाई म्हणाल्या होत्या. "योग यावा लागतो."

तर हा चौथा योग होता. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर, जो बसलाय त्याचं काय, हा प्रश्न माझ्या तोंडात आला होता. पण बाईंनी तोवर पत्ता लिहायला घेतला होता.

कारखाना कुपवाडला होता. प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. आवारभर काळ्या टाक्या मांडलेल्या, लांबून बघितल्या तर म्हशी बसल्यासारख्या. फाटकाला लागून काचेची एक केबिन होती आणि केबिनमध्ये जो बसलेला होता, तो ऐनापुरे.

पन्नाशी ओलांडलेला माणूस. कपाळाला विभूती, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एकाच खिशात दोन मोबाइल. ते एकदम वाजायचे आणि मग कुठला घ्यावा ते त्यांना कळायचं नाही.

"तुम्ही विम्याच्या?"

"हो."

"कुठली कंपनी?"

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "नवीन आहे," मी म्हटलं.

"बरं बरं," ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. आपण एका उपड्या टाकीवर बसले. "शेठ बोलले काल. विचारा काय विचारायचं ते."

मी वही काढली. "गाड्यांना अपघात वगैरे होतात का?"

"गाड्यांना न्हाई होत. टाक्यांना होतात. दोऱ्या नीट बांधत न्हाईत पोरं. परवा एक टाकी आंबा घाटात गाडीतनं उतरली आणि एकटीच साखरप्याच्या बाजूला गेली."

"सापडली?"

"सापडली की. एकानं म्हशीसाठी पाणी भरून ठेवलं होतं. मी म्हटलं, असू दे."

तासाभरात मला त्या केबिनचा कारभार कळला. ऐनापुरे माणूस प्रेमळ होता आणि काम त्याच्या हाताबाहेर गेलं होतं. सगळं डोक्यात ठेवायचं, आणि डोक्यात जागा संपलेली. कुठली गाडी कुठं जायची ते तोंडानं सांगायचे. एकदा चिपळूणच्या टाक्या चिकोडीला गेल्या होत्या. त्यांनीच सांगितलं, हसत हसत. "ड्रायव्हर म्हणाला, 'चि'वरनं काहीतरी होतं." फाटकात चार गाड्या अडकून होत्या, कारण सगळ्यात मागं जायची ती सगळ्यात पुढं उभी होती. एक ड्रायव्हर आदल्या दिवसापासून तिथंच बसलेला. त्याला पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

मी विम्याची होते, मला गप्प बसायला हवं होतं. पण फाटकात उलटी लागलेली गाडी बघून डिस्पॅचचं माणूस गप्प बसत नाही. मी उठले, त्या ड्रायव्हरला पाणी दिलं आणि त्याला म्हटलं, दादा, तुमची गाडी जरा मागं घ्या, ती सावंतवाडीची आधी भरू दे. त्यानं घेतली. ती हलली तशा बाकीच्या सुटत गेल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, ऐनापुऱ्यांच्या दोन्ही कानांना मोबाइल होते, म्हणून मी उचलला. सावंतवाडीचा दुकानदार होता. तावातावानं बोलत होता.

"गाडी अजून इथंच आहे," मी त्याला सांगितलं. "आता भरतायत. चारपर्यंत निघेल. ड्रायव्हरचा नंबर घ्या."

तिकडचा चढा आवाज उतरला. मग तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

ऐनापुरे दोन्ही मोबाइल हातात धरून माझ्याकडं बघत होते. "तुम्ही खरं सांगितलंत की हो."

"मग काय सांगायचं?"

"मी रोज सांगतो, निघाली म्हणून."

सावंतवाडीची गाडी भरून होईस्तोवर मी आवारातच उभी होते. ऊन होतं, धूळ होती, पोरं एकमेकांना शिव्या देत दोऱ्या ओढत होती. घरी बसल्यापासूनच्या आठ महिन्यांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. मी परत केबिनमध्ये आले तर ऐनापुऱ्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, एक विचारू? रागावणार न्हाई न्हवं?"

"विचारा."

"विमा-बिमा काही न्हाई तुमचा."

मी वही मिटली.

"तुम्ही असिस्टंट आहात," ते म्हणाले. "माझ्यासाठी शेठनं बघितलेल्या. मी कवापासनं मागतोय, एक माणूस द्या, एक माणूस द्या. शेठ म्हणायचे बघतो. आता बघितलेलं दिसतंय. मला आवडतंय का न्हाई ते आधी बघू द्यावं, म्हणून हे विम्याचं सोंग. होय का न्हाई?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ओढणी सारखी केली.

"लाजू नका," ते म्हणाले. "चला वर. मला पसंत आहे."

"अहो, पण..."

"चला की!"

मालक श्रेणिकशेठ वरच्या मजल्यावर बसायचे. चाळिशीचा माणूस, पुण्याला कसलासा मॅनेजमेंटचा कोर्स करून आलेला. टाक्यांचा धंदा त्यांच्या वडिलांनी उभा केलेला, आणि ऐनापुरेही वडिलांच्याच वेळचे. ऐनापुरे दार न वाजवता आत गेले. मी त्यांच्या मागं.

"शेठ, आपलं ते विम्याचं नाटक बास झालं," ते म्हणाले. "मी ओळखलं."

श्रेणिकशेठांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या काचेकडं बघितलं.

"या असिस्टंट म्हणून उत्तम आहेत," ऐनापुरे म्हणाले. "घ्या यांना. फाटक मोकळं केलं बघा एका मिनिटात. सावंतवाडीच्या त्या भांडखोराला गप्प केलं. अजून कुणाला बघू नका, याच पाहिजेत."

शेठांच्या चेहऱ्यावर रंग परत यायला थोडा वेळ लागला. मग आला, आणि जरा जास्तच आला. "वा!" ते म्हणाले. "वा, ऐनापुरे. तुम्हीच पसंत केलंत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तुम्ही जरा बाहेर थांबा, मी यांच्याशी बोलून घेतो."

ऐनापुरे बाहेर गेले. शेठांनी माझ्यासाठी उसाचा रस मागवला.

"हे तर फारच छान झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तुम्ही असिस्टंट म्हणूनच या. ते तुम्हाला सगळं शिकवतील. कुठले व्यापारी कसे, कुठला ड्रायव्हर कसा, सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ते एकदा तुमच्याकडं आलं, की दिवाळीनंतर त्यांना मोकळं करू."

"त्यांना तुम्ही कधी सांगणार?"

"दिवाळी होऊ दे." त्यांनी पेपरवेट फिरवला. "तुम्हाला वाटत असेल, मी तोंडावर का सांगत नाही. अहो, मी लहानपणी त्यांच्या सायकलवर पुढं बसून शाळेत गेलोय. मला सांगवत नाही. पण माल तर वेळेवर गेला पाहिजे ना? कोकणातली निम्मी दुकानं आम्हाला सोडून गेली."

श्रेणिकशेठ वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. ती केबिन तशीच चालली असती तर उरलेली निम्मी दुकानंही गेली असती. मी रस प्यायले. रस चांगला होता, आलं घातलेलं.

"विचार करून सांगा," ते म्हणाले. "पण लवकर."

मी खाली आले. ऐनापुरे माझ्या आधीच पोचले होते आणि केबिनमध्ये एक दुसरी खुर्ची आली होती. पाठ असलेली. शिपायाला सांगून त्यांनी ती स्टोअरमधून आणवली होती आणि स्वतः फडक्यानं पुसत होते. कानाला मोबाइल लावलेला, मान वाकडी.

"अगं, मिळाली असिस्टंट," ते फोनवर सांगत होते. "होय होय, आजच. बाई आहेत, आपल्या सांगलीच्याच. आता बघ, बेळगावला पोरीकडं जाऊ या चार दिवस. तू म्हणतीयास ना, बाळाचं तोंड अजून बघितलं न्हाई. जाऊ. आता काय अडचण न्हाई." ऐकलं, हसले, आणि फोन खिशात टाकला. "बसा मॅडम. ही खुर्ची तुमची. जेवायचं बघू."

त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगांची चटणी. माझ्यासमोर झाकणात निम्मं वाढलं. मी एक घास घेतला. तो गिळायला मला पाण्याचा अख्खा पेला लागला.

"ऐनापुरे," मी म्हटलं, "मी विम्याची नाही."

"ते झालं की आपलं मघाशी."

"मी असिस्टंटपण नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच चटणीत टेकवून ठेवला.

"मला तुमच्या जागेवर बघितलंय. एका एजन्सीनं पाठवलंय मला. तुमच्याकडून सगळं शिकून घ्यायचं आणि दिवाळीनंतर तुम्हाला..." पुढचा शब्द मला सापडेना. शेठांचाच वापरला. "मोकळं करायचं असं चाललंय."

बाहेर कुणीतरी टाकी ढकलत नेत होतं. तिचा ढबढब आवाज केबिनसमोरून गेला आणि लांब गेला. ऐनापुऱ्यांनी तो तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला.

"शेठ स्वतः बोलले?"

"हो. आत्ता."

"मला का न्हाई बोलले?"

"सांगवत नाही म्हणाले. तुमच्या सायकलवर बसून शाळेत गेलेत म्हणे."

"होय. रडायचा फार," ऐनापुरे म्हणाले. मग डबा माझ्याकडं सरकवून म्हणाले, "वांगं घ्या अजून. खरकटं ठेवू नका."

मी वांगं घेतलं. दोघांनी डबा संपवला. मला वाटलं होतं ते चिडतील, वर जाऊन शेठांना विचारतील, निदान मला तरी बोलतील. काही नाही. डबा पुसला, कडी लावली.

"तुम्ही आता वर जाऊन काय सांगणार?"

"नाही म्हणून सांगणार."

"तसं सांगू नका. न्हाई म्हटलं की उद्या दुसरा माणूस येईल. घरी विचारून सांगते म्हणा. महिनाभर तरी जाईल त्यात."

मी वर गेले आणि घरी विचारून सांगते म्हणाले. "बरोबर आहे," श्रेणिकशेठ म्हणाले. "विचारायलाच पाहिजे." त्यांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं. मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा ऐनापुरे एका ड्रायव्हरला काहीतरी समजावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नेजकरबाईंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मधे एकदा फोन वाजला, तो त्यांनी बंद केला.

"म्हणजे तुम्ही त्याला सांगितलंत."

"हो."

"पूर्वीच्या धंद्यातसुद्धा माझ्याकडं असं एकदा झालं होतं," त्या म्हणाल्या. "मुलाचं एक लग्न आधी झालेलं. मुलीला कळलं, तर ती जाऊन त्या पहिल्या बायकोलाच भेटली."

"मग?"

"मग काय. दोघींचं चांगलं झालं. माझं स्थळ गेलं." त्यांनी कपाटातून माझी फाइल काढली, बायोडाटा फाडला आणि फोटो माझ्यासमोर ठेवला. "हा घेऊन जा. हसरा आलाय. आणि परत इथं येऊ नका, वैजयंतीबाई. माझ्याकडं मालक विश्वासानं येतात."

त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मी फोटो घेतला आणि जिना उतरले.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला नोकरी करायची होती का समाजकार्य?" आणि ताट वाढायला उठले. समजूत काढायची ती त्यांची रीत आहे. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई किल्ली द्यायला आल्या. मी घेतली.

पंधरवडा गेला असेल. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वैजयंतीबाई का? मी बशीर इनामदार, मिरजेतनं बोलतोय. ट्रान्सपोर्टवाला. तुम्हाला गाड्यांतलं कळतं म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कुपवाडचा ऐनापुरे. माझ्या गाड्या लागतात त्याच्याकडं. फाटकावरच्या वहीतनं तुमचा नंबर काढून दिला त्यानं. म्हणाला, एक बाई आहे, फोनवर खरं बोलते. मी म्हटलं, माझ्या ऑफिसात असं माणूस आजवर एकबी न्हाई, बघू तरी ठेवून."

मुलाखत अशी झालीच नाही. बशीरभाईंच्या ऑफिसात मी गेले तेव्हा तीन फोन वाजत होते. त्यांनी त्यातला एक माझ्या हातात दिला, आणि तेव्हापासून मी तिथंच आहे.

म्हणजे आता मी गाड्या पाठवणाऱ्यांत होते आणि ऐनापुरे मागवणाऱ्यांत. रोज सकाळी त्यांचा पहिला फोन यायचा. "बाई, गाडी कुठाय?" मी सांगायची, "अजून मिरजेतच आहे, ड्रायव्हर जेवतोय." ते वैतागायचे. "तुम्ही एकदा तरी निघाली म्हणा की हो! मनाला बरं वाटतं." त्या दिवसाबद्दल मात्र ना ते कधी बोलले, ना मी.

त्यांची दिवाळी गेली आणि ते तिथंच राहिले. पुढचं मला बशीरभाईंच्या ड्रायव्हरांकडून तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. माझ्यानंतर श्रेणिकशेठांनी आणखी दोघांना पाठवलं. एक वजनकाटा तपासणारा म्हणून आला, एक संगणक दुरुस्तीवाला म्हणून. ऐनापुऱ्यांनी दोघांनाही आवार दाखवलं, गाड्या दाखवल्या, डबा उघडून जेवायला बसवलं. आणि अर्धी भाकरी झाली की विचारायचे, "माझ्या जागेवर कधीपासनं येताय?" राग नाही, टोमणा नाही. वरून भाजी वाढायचे. वजनकाट्यावाला तिथूनच घरी गेला, वर शेठांकडं गेलाच नाही. संगणकवाला गेला, पण त्यानं शेठांना सांगितलं की हे तुमचं तुम्ही बघा, मी यांचं मीठ खाल्लंय.

मग एक दिवस ऐनापुरेच वर गेले. काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात केबिनमध्ये एक मुलगी आली, राधिका कोरे नावाची. संगणकासकट. खरोखरची असिस्टंट. चिपळूणच्या गाड्या चिपळूणला जायला लागल्या आणि ऐनापुरे बेळगावला जाऊन आले.

गेल्या वर्षी ते रिटायर झाले. कारखान्यातच कार्यक्रम ठेवला होता. टाक्या बाजूला सारून मांडव घातलेला. बशीरभाई आणि मी हार घेऊन गेलो. पहिल्या रांगेत नेजकरबाई बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. मी बसले.

"कशा आहात?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. तुम्ही इथं कशा?"

"याच्या जागेवरचा माणूस मी दिलाय," त्या म्हणाल्या. "या वेळी सगळं रीतसर. जागा रिकामी झाल्यावर."

श्रेणिकशेठ बोलायला उभे राहिले. आता त्यांचेही केस पिकले होते. ऐनापुऱ्यांनी आपल्याला सायकलवरून शाळेत कसं नेलं ते त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज खरंच बसला. "ऐनापुऱ्यांसारखा माणूस शोधून सापडणार नाही," ते म्हणाले.

"खरंय," नेजकरबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "मी शोधलाय."

कार्यक्रम संपला. लोक जेवायला वळले. ऐनापुरे गळ्यातले हार काढून मांडवाच्या खांबाला अडकवत होते. मी त्यांच्याजवळ गेले. इतकी वर्षं फोनवर बोलत होतो, पण समोरासमोर असे थोड्याच वेळा आलो होतो. विचारायचं तर आताच, असं मला वाटलं.

"एक सांगाल? त्या दिवशी तुम्हाला खरंच वाटलं होतं, मी असिस्टंट म्हणून आलेय?"

"वाटलं होतं की. सकाळी."

"सकाळी म्हणजे?"

"शेठनं मला बाहेर थांबा म्हटलं ना, तवर." त्यांनी विभूती पुसली जाऊ नये अशा बेतानं कपाळावरचा घाम टिपला. "असिस्टंट घेताना ज्याचा असिस्टंट त्यालाच कोण बाहेर काढतं? जिना उतरताना कळलं मला."

मला ती पुसलेली खुर्ची दिसली. "पण मी खाली आले तेव्हा तुम्ही घरी फोन करत होता. असिस्टंट मिळाली म्हणून."

"मग तिला काय सांगू? नोकरी गेली म्हणून? सकाळी मी निघताना तिनं विचारलं होतं, बेळगावचं काय झालं. म्हटलं, आजचा दिवस तरी तिला बरा जाऊ दे."

पंगतीतून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी येतो असा हात केला.

"आणि खुर्ची?"

"तुम्हाला बसायला लागणारच होती की."

"आणि मी काही बोलले नसते तर?" मी विचारलं. "गप्प जेवले असते, आणि एक तारखेला आले असते?"

ऐनापुऱ्यांनी शेवटचा हार खांबाला अडकवला, तो सरळ आहे ना ते मान मागं घेऊन बघितलं.

"तर शिकवलं असतं तुम्हाला," ते म्हणाले. "दुसरं काय करणार होतो?"